मम्मीचं खोकं

आमच्या मंडळीचे नवे पाळक तरुण आहेत आणि त्यांना खोटं अजिबात खपत नाही. नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी त्यांनी उपदेशातच जाहीर करून टाकलं, की यंदा कॅरलच्या फेरीत सांताक्लॉज असणार नाही. नाताळ ख्रिस्ताचा आहे, लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याचा नाही. आपणच आपल्या लेकरांना खोटं शिकवतो आणि मग मोठेपणी ती खरंही ऐकायला तयार होत नाहीत. तेव्हा प्रत्येक आईबापानं या आठवड्यात मुलांना जवळ बसवून काय ते खरं सांगून टाकावं.

मुलं तेव्हा मागच्या खोलीत संडेस्कूलला होती, म्हणून बरं. मी पुढच्याच बाकावर होते. ‘आईबापानं’ हा शब्द आला तेव्हा मागच्या बाकावरच्या बायकांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असणार. पाहू देत. मी जावयाच्या घरी राहते, माझ्या मुलीची मुलं सांभाळते आणि माझी मुलगी तिथं नाही, हे साऱ्या बजाजनगरला पाठ आहे.

खरं म्हणजे सांताक्लॉजशी माझं काही देणंघेणं नाही. माझ्या लहानपणी तो नव्हताच. मिशन कंपाउंडातल्या आमच्या नाताळाला नव्या कापडाचा वास असायचा, करंज्या असायच्या आणि नाटकातल्या मेंढपाळांसाठी गावातल्या धनगरांच्या घरून मागून आणलेल्या खऱ्या घोंगड्या असायच्या. त्यांना मेंढरांचा असा वास यायचा की गव्हाणीतलं बाळ बिचारं शिंकायचं. हा लाल बाबा पुढं टीव्हीतून आला, दुकानांतून आला आणि मग आमच्या फेरीत घुसला. मला तो कधीच आवडला नाही. पण पाळकसाहेब ‘खरं सांगा’ म्हणाले ते मला जड गेलं, कारण आमच्या घरात त्या बाबाला धरून दुसरंच एक खोटं उभं होतं, आणि ते मीच उभं केलं होतं.

बजाजनगरातली कॅरलची फेरी म्हणजे काय, ते आधी सांगते. डिसेंबर लागला की मंडळीतले तरुण आणि संसारी माणसं संध्याकाळी जमतात. वाळूजच्या कंपन्यांतून पहिली पाळी सुटून आलेली असतात, कुणी गणवेशातच. एक गिटार, एक ढोलकी, एक डफ. घरोघर जायचं, चार गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, शंकरपाळे खायचे, पुढच्या घरी. आमच्या वरच्या मजल्यावर बौद्ध कुटुंब राहतं. ती माणसं खाली येऊन जय भीम घालतात, सगळ्यांना चहा देतात आणि त्यांची पोरं सांताच्या पोत्याभोवती सगळ्यांत पुढं असतात. सांता व्हायचा तो आमच्या मंडळीतलाच एक जण. अंगानं काडी, म्हणून पोटाला उशी बांधायचा. एका मोठ्या कंपनीत पॅकिंगच्या खात्यात आहे. सुटे भाग खोक्यांत भरून, पट्ट्या मारून परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये चढवायचे, हे त्याचं काम. ज्यांना आपल्या मुलांना काही द्यायचं असेल ते आदल्या रविवारी गुपचूप त्याच्याकडे देऊन ठेवतात, आणि तो ते घरी येऊन पोत्यातून काढतो.

माझी मुलगी नर्स आहे. मीही नर्सच होते, सारी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. आमच्या लोकांत हे चालतच आलं आहे, आई नर्स, मुलगी नर्स. तिला आखातातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा नातू नुकता बोलायला लागला होता आणि नात पहिलीत होती. मीच म्हणाले, जा, मी आहे इथं. पहिल्या नाताळाला तिनं सुट्टीवर येणाऱ्या एका नर्सबरोबर खोकं पाठवलं. जाड पुठ्ठ्याचं, वर उर्दूसारखी दिसणारी अक्षरं, आत मुलांचे कपडे आणि एक साबण, ज्याचा वास आठवडाभर घरात राहिला. मला वाटलं, मुलांना गंमत येईल, म्हणून ते खोकं मी सांताकडे दिलं. त्या भल्या माणसानं दारात उभं राहून आपल्या मनानंच सांगितलं, “तुमची मम्मी भेटली होती बरं का मला! तिनं दिलं हे. म्हणली, माझ्या बाळांना माझा पापा सांग.”

नातू असा हसला की काय सांगू. पाळण्यातलं हसू म्हणतात तसं. पुढच्या वर्षीही खोकं आलं, पुढच्या वर्षीही मम्मी भेटली.

मग तिचे फोन कमी झाले. आधी मुलांशी, मग नवऱ्याशी. एके दिवशी दुपारी माझ्याच मोबाइलवर फोन आला. ती म्हणाली, “आई, मी आता परत येणार नाही. इथं माझं दुसरं घर झालंय. त्यांना सांग, मला शोधू नका.” मी म्हणाले, “आणि लेकरांना काय सांगू?” ती रडली नाही. म्हणाली, “तू सांग काय सांगायचं ते. तुला नीट जमतं.” त्यानंतर तो नंबर लागला नाही. जावयाला मी सांगितलं तेव्हा तो दुसऱ्या पाळीला निघाला होता. बूट बांधता बांधता ऐकलं त्यानं. “आई, पोरांचं तुम्हीच बघा,” एवढंच म्हणाला आणि कंपनीच्या बसला गेला. आजपर्यंत त्यानं यावर दुसरं वाक्य बोललेलं मी ऐकलं नाही.

मला तिचा राग येतो. असा की कधी कधी तिचं लग्नातलं छायाचित्र पुसताना फडकं जोरात फिरतं. आणि त्याच फडक्यानं मग मी डोळे पुसते. माझंच लेकरू आहे ते.

तर, मला नीट जमतं ते मी केलं. पहिलं खोकं मी जपून ठेवलं होतं. त्याच खोक्यात मी गुलमंडीच्या बाजारातून आणलेले कपडे भरले, दुकानाच्या चिठ्ठ्या कात्रीनं काढल्या, साबणाचा उरलेला तुकडा आत ठेवला, वर नवी पट्टी मारली आणि नेहमीसारखं सांताकडे दिलं. आणि शर्ट घेताना मी मुद्दाम एक माप लहान घेतलं. कारण ज्या आईनं लेकराला इतके दिवस पाहिलं नाही तिला ते किती वाढलंय हे कसं कळणार? अगदी बरोबर बसणारा शर्ट आला असता तर नातीनं मला पकडलं असतं. इतकं बारीक मी बघत होते. नातवानं तो आवळ शर्ट वर्षभर घातला. काखेत उसवला, मी शिवला, पुन्हा घातला. दुसऱ्या कुणी मागितला तर द्यायचा नाही. असंच पुढच्याही वर्षी.

आणि आता पाळकसाहेब म्हणतात, खरं सांगा.

मला वाटलं, एका अर्थी बरंच झालं. सांता गेला की मम्मीचं खोकंही आपोआप बंद. एक खोटं काढताना दुसरंही हळूच निघून येईल, मलम लावून पट्टी काढतात तसं. शनिवारी दुपारी दोघांना घेऊन बसले. नात ओट्याखाली बसून वाटाणे सोलत होती, नातू माझ्या मांडीला टेकून शेंगा पळवत होता. मी मुळापासून सुरुवात केली. फार पूर्वी समुद्राकाठच्या एका शहरात एक बिशप होता. त्याच्या शेजारी एक गरीब बाप, त्याच्या मुली लग्नाच्या. बिशपनं काय करावं, अंधार पडल्यावर त्यांच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकावी आणि कुणी पाहायच्या आत निघून जावं. आपण दिलं हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तो मरून गेला. मग लोकांनी त्याच्या नावानं मुलांना खाऊ द्यायला सुरुवात केली. मग थंड मुलखातल्या लोकांनी त्याला लोकरी डगला घातला, दुकानदारांनी त्याचं पोट वाढवलं, कुणी त्याला गाडी दिली, हरणं दिली.

“म्हणजे तो होता,” नात म्हणाली.

“बिशप होता. हा लाल डगलेवाला नाही. तो येत नाही, तो खोटा आहे. आपणच एकमेकांना देतो.”

म्हटलं एकदाचं. नातवाकडे पाहिलं. तो रडेल, चिडेल, अशी माझी तयारी होती. त्यानं एक दाणा तोंडात टाकला.

“ते तर मला माहितंच हे, आज्जी. सांता म्हणजे ते पॅकिंगवाले अंकल. त्यांच्या पायात कंपनीचे बूट असतात ना, लोखंडवाले. दाढी कापसाची हे.”

“मग तुला केव्हापासून ठाऊक आहे?”

“लई दिवसांपासून. वर्गात सगळ्यांना माहितंय.”

मी हसले. खरोखर हसले. वाटलं, सुटले की मी! एवढ्याशा पोराला सगळं कळलंय, आणि मी उगाच जीव टांगून बसले.

तो पुढं म्हणाला, “मम्मी त्यांना थोडीच भेटते. ते तर इथंच असतात. त्यांचा कंटेनर जातो ना मम्मीच्या देशात. माल उतरवला की तिकडून मम्मी आपलं खोकं त्याच कंटेनरमध्ये ठेवते. मग ते इकडं आलं की अंकल काढून घेतात. म्हणून तर खोकं दरवेळेला कोपऱ्यात फाटलेलं असतं. कंटेनरमध्ये दाबतं ते.”

तो कोपरा मीच पहिल्या वर्षी फाडला होता, घाईत पट्टी ओढताना.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. या पोरानं परीकथा कधीच सोडून दिली होती आणि तिच्या जागी कंपनी बसवली होती. वाळूजच्या रस्त्यावर रोज जाणारे कंटेनर, बापाच्या तोंडून ऐकलेला माल, पॅकिंग, डिस्पॅच. जे जे खरं त्याला ठाऊक होतं ते सगळं त्यानं आईभोवती रचलं होतं. सांता खोटा आहे म्हटल्यानं त्याची एक वीटसुद्धा हलली नव्हती. उलट आता तर ती भिंत पक्की झाली होती.

“सांता नसला तरी खोकं येईल ना, आज्जी? अंकल तर आहेत.”

इतक्या बाळंतिणींना मी नको त्या बातम्या सांगितल्या आहेत, शेजारी बसून, हात धरून. तो आवाज मला येतो. त्या दुपारी आला नाही. मी नातीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, शांतपणे, मोठ्या बाईसारखी. मला तेव्हाच कळलं की हिला तो दरवर्षीचा एकच फाटका कोपरा केव्हाच ओळखू आलाय.

“येईल की,” ती भावाला म्हणाली. “कंटेनर काय सांतासाठी थांबतो का येड्या?”

आणि तिनं वाटाण्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. “आज्जी, दाणे सांडायलेत तुझे.”

मी आजवर जे एकटी करत होते त्यात आता ती आली होती. तिला यात कुणी बोलावलं नव्हतं. त्या ताटातले दाणे मला दिसेनासे झाले.

रविवारी दारातच पाळकसाहेब भेटले. “सलाम, मावशी. सांगितलं का मुलांना?” मी म्हणाले, “सांगितलं.” ते समाधानानं हसले. चांगले आहेत ते, मनानं चांगले आहेत. त्यांना काय सांगणार.

कॅरलची फेरी आमच्या गल्लीत आली तेव्हा उशीवाला सांता नव्हता. तो पॅकिंगवाला आपल्या साध्या स्वेटरमध्ये ढोलकी वाजवत होता. गाणी झाली, प्रार्थना झाली. वरच्या वहिनींनी चहा आणला आणि सांता का नाही म्हणून विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून हसले. तेवढ्यात नातू घरातून आला आणि त्याच्या हातात ते खोकं होतं. मम्मीचं खोकं, माळ्यावरून काढलेलं. वर पट्टी मारलेली, वेडीवाकडी.

“अंकल, हे तिकडं पाठवायचंय. मम्मीला. तुमच्या कंटेनरमध्ये.”

ढोलकी गळ्यात घेऊन तो माणूस उभाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण करणार होते? मग त्यानं खोकं दोन्ही हातांनी घेतलं, तोलून पाहिलं आणि म्हणाला, “हलकं आहे रे. जाईल, जाईल.”

दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत असताना तो खोकं घेऊन आला. बसला नाही.

“मावशी, मी उघडलं नाय. लेकराचं हाय, मला धाडस झालं नाय. तुम्ही पत्ता द्या फक्त. कंपनीतून नाय जाणार, पण मी खरंच कुरिअर करतो. माझं मन खातंय मला. मीच म्हणलो होतो ना पहिल्यांदा, मम्मी भेटली म्हणून.”

“पत्ता नाही रे बाबा.”

“फोन?”

मी मान हलवली. त्यानं खोकं ओट्यावर ठेवलं आणि “येतो” म्हणून गेला.

मी खोकं उघडलं. आत सुतळी होती. नातवाच्या उंचीची, एका टोकाला गाठ, मध्ये खांद्याच्या मापाला दुसरी गाठ. सोबत एका कागदावर त्यानं काढलेला शर्ट, त्यावर काखेपाशी फुली. एवढंच. मम्मीला माप कळावं म्हणून. यंदा तरी शर्ट आवळ होऊ नये म्हणून. तक्रार नव्हती त्यात. बिचारीला दिसत नाही म्हणून त्यानं कळवलं होतं.

आयुष्यभर मी नुकत्या जन्मलेल्या बाळांची लांबी मोजली. टाच सरळ धरायची, डोकं टेकवायचं, पट्टी लावायची. तीच मी ती सुतळी दोन्ही हातांत धरून भिंतीशी उभी राहिले, आणि तो केवढा झालाय ते पाहिलं.

मग खोक्याच्या तळाशी आणखी एक सुतळी दिसली. जास्त लांब, नीट गुंडाळून रबर लावलेली. गाठी दोनच, पण घट्ट आणि सरळ. ती नातीची होती.

भावाला मदत करताना त्याला संशय येऊ नये म्हणून टाकली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती समजूतदार आहे. तिला सगळं कळलंय. मग तिनं खांद्याचं मापसुद्धा का घेतलं?

आता पंचाईत अशी, की शर्ट लहान आणला तर पोरगा म्हणणार, मम्मीनं माझी सुतळी बघितलीसुद्धा नाही. आणि बरोबर आणला तर त्याची आई तिथं बसून त्याचं माप घेते आहे, हे त्याच्या मनात जन्मभरासाठी पक्कं होणार. मी प्रार्थनेला बसले. हल्ली बसते, पण मागत काही नाही. काय मागायचं तेच सुचत नाही. उठले, दोन्ही सुतळ्या पर्समध्ये टाकल्या आणि गुलमंडीला गेले. दुकानदार म्हणाला, “मावशी, मुलांनाच घेऊन यायचं ना.” मी म्हणाले, “इथं नाहीत ती.” का म्हणाले कोण जाणे.

नाताळाच्या दिवशी उपासना सुटल्यावर पॅकिंगवाल्यानं चर्चच्या अंगणात नातवाला हाक मारली आणि मी भरून दिलेलं खोकं त्याला दिलं. या वेळी तो काही बोलला नाही. पोरानं तिथंच पट्टी फाडली, नव्या सदऱ्यावरूनच शर्ट चढवला. अगदी बरोबर बसला. हात वर करून पाहिले त्यानं, काखेत कुठं ओढ नाही.

“आज्जी! भेटली सुतळी मम्मीला! बघ ना, भेटली!” तो अंगणभर ओरडत सुटला, पाळकसाहेबांनासुद्धा दाखवून आला. त्यांनी कौतुकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

नातीनं आपला कुर्ता अंगाला लावून पाहिला. बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या. तिनं तो घडी केला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“माझी सुतळी तुझ्याकडेच आली ना, आज्जी?”

“व्हय गं.”

तिनं मान डोलावली. भाऊ दूर आहे ना, हे बघून घेतलं.

“कोपरा तूच फाडला होता, ते मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तरी मला वाटलं, एखाद्या वेळेस जाईल.”

मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, पण तोवर ती वळली होती. तिनं खोकं उचललं, फाटलेला कोपरा आपल्या अंगाकडे फिरवला आणि भावाला जेवायला हाक मारली.